सह्याद्रीतील निसर्गचित्रणासाठी एकच झूम लेन्स: २४-७० की २४-१२०?

करवंदजाळी

नमस्कार. मी पुण्यात राहतो आणि गेली सहा वर्षे निकॉन डी५६०० हा कॅमेरा व त्याच्यासोबत मिळालेली १८-१४० ही लेन्स घेऊन शनिवार-रविवारी सह्याद्रीत फिरतो आहे. राजगड, तोरणा आणि हरिश्चंद्रगड हे माझे नेहमीचे गड आहेत. पावसाळ्यात ताम्हिणी व वरंध घाट आणि सप्टेंबरात कास पठार हेही ठरलेले असते. दोन महिन्यांपूर्वी मी निकॉनचाच झेड५ हा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, कॅमेरा घेतला. लेन्स नीट विचार करून घ्यावी म्हणून तेव्हा नुसती बॉडीच घेतली आणि तेव्हापासून मित्राकडून आणलेल्या ४० मिमी लेन्सवर काम भागवतो आहे.

माझ्यासमोर चार पर्याय आहेत (२४-७० हे आकडे मिलिमीटरमधल्या फोकल लेंग्थचे: आकडा लहान तितका देखावा रुंद, मोठा तितका दूरचा विषय जवळ; एफ चा आकडा प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा: आकडा लहान तितके छिद्र मोठे). २४-७० एफ/४ ही ५०० ग्रॅमची, २४-१२० एफ/४ ही ६३० ग्रॅमची, २४-२०० एफ/४-६.३ ही ५७० ग्रॅमची आणि २४-७० एफ/२.८ ची पहिली आवृत्ती ८०५ ग्रॅमची. ज्या दुकानात मी चौकशी केली तिथे मला ठामपणे सांगण्यात आले की फुल फ्रेम कॅमेऱ्यावर एफ/२.८ पेक्षा कमी उघडणारी लेन्स लावणे म्हणजे कॅमेरा वाया घालवणे आहे. दुसरीकडे ट्रेकमधले सोबती म्हणतात की २४-२०० घे, म्हणजे पुन्हा दुसरी लेन्स घ्यावीच लागणार नाही. मला पुढची दोन-तीन वर्षे एकाच लेन्सवर काढायची आहेत आणि एफ/२.८ घ्यायची झाली तर जुना कॅमेरा व लेन्स दोन्ही विकावे लागतील.

मी माणसांचे फोटो फारसे काढत नाही. डोंगररांगा, कडे, धबधबे, ढग आणि पठारावरची फुले हेच माझे विषय आहेत. घराच्या भिंतीवर २० बाय ३० इंचांची दोन-तीन चित्रे छापून लावावीत, अशी फार दिवसांची इच्छा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

घाटमाथा

करवंदजाळी, तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुमच्याच संगणकावर आहे. सहा वर्षांत काढलेल्या फोटोंपैकी जे तुम्ही जपून ठेवले आहेत, ज्यांवर वेळ खर्चून काम केले आहे, तेवढेच निवडा आणि ते किती फोकल लेंग्थला काढले आहेत याची मोजणी करा. लाइटरूम या फोटो-संपादनाच्या प्रणालीत लायब्ररीच्या फिल्टर पट्टीत फोकल लेंग्थचा स्तंभ लावता येतो आणि प्रत्येक आकड्यासमोर फोटोंची संख्या दिसते. डिजीकॅम या मोफत प्रणालीतही तसा शोध घेता येतो. तुमच्या जुन्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान होता, म्हणून येणाऱ्या प्रत्येक आकड्याला दीडने गुणा. १८ मिमी म्हणजे आताचे २७ मिमी, ५० म्हणजे ७५ आणि १४० म्हणजे २१०. ही मोजणी होईपर्यंत कोणाच्याही सांगण्यावरून, अगदी माझ्याही, लेन्स घेऊ नका. मी पुढे जे लिहितो आहे ते त्या मोजणीचा अर्थ लावताना उपयोगी पडेल म्हणून लिहितो आहे.

पहिली गोष्ट एफ/२.८ ची. दुकानदाराचा सल्ला लग्नसमारंभ टिपणाऱ्यासाठी योग्य असेल, पण निसर्गचित्रणात आपण ट्रायपॉड लावून बहुतेक वेळा एफ/८ ते एफ/११ या दरम्यान काम करतो. कारण साधे आहे: पायाजवळचा कातळही स्पष्ट हवा असतो आणि क्षितिजावरची रांगही. २४ मिमीला एफ/११ ठेवून सुमारे पावणेदोन मीटरवर फोकस केला, तर साधारण नव्वद सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सर्व काही स्वीकारण्याजोगे स्पष्ट येते. हा हिशोब स्पष्टतेच्या जुन्या, थोड्या सैल निकषावरचा आहे. मोठे चित्र छापायचे असेल तर फोकस थोडा पलीकडे सरकवणे मी पसंत करतो, कारण दूरचा डोंगर किंचितही मऊ आला तर तो डोळ्याला अधिक खुपतो. त्या एफ/११ ला एफ/२.८ ची लेन्स आणि एफ/४ ची लेन्स यांतला फरक छापील चित्रात ओळखणे मला तरी आजवर जमलेले नाही. मग जास्तीचे काच आणि धातू खांद्यावरून गडावर न्यायचे ते कशासाठी, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

छिद्र आणखी लहान करत जाणे हाही उपाय नाही. लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि प्रत्येक बिंदूची एक चकती होते. एफ/११ ला तिचा व्यास सुमारे १५ मायक्रॉन असतो, तर एफ/१६ ला तो २१ मायक्रॉनच्या घरात जातो. झेड५ च्या सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा आहे. म्हणून एफ/१६ मी अगदी गरजेपुरतेच वापरतो आणि त्याच्या पुढे सहसा जात नाही.

दुसरी आणि माझ्या मते खरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे लेन्सचे लांबचे टोक. निसर्गचित्रण म्हणजे वाइड अँगल, असा समज आपल्याकडे फार पक्का झालेला आहे. मीही तो बाळगून होतो. एका नोव्हेंबरात राजगडावर पद्मावती माचीवर मुक्काम होता. पहाटे संजीवनी माचीकडे चालत गेलो, तेव्हा दऱ्यांमध्ये धुके भरलेले होते आणि समोर तोरण्याची बुधला माची हळूहळू उजळत होती. मी २४ मिमीला वीस-पंचवीस फोटो घेतले. घरी येऊन पाहिले तर त्या सर्व फोटोंत तोरणा म्हणजे क्षितिजावरचा एक लहानसा उंचवटा होता; बुधल्याचा तो बाटलीसारखा उभा आकार, जो पाहून मी जागीच थांबलो होतो, तो शोधावा लागत होता. डोळ्यांनी आपण जे पाहतो ते मनाने जवळ आणलेले असते. नंतर त्याच जागी ११० मिमीच्या आसपास फोटो घेतले, तेव्हा एकामागे एक पाच सोंडा, प्रत्येक आधीपेक्षा फिकट, आणि त्यांच्यावर तोरणा असा सारा थर चौकटीत आला. सह्याद्रीचे हे थर हीच त्याची ओळख आहे, आणि ते ७० च्या पुढेच खऱ्या अर्थाने जमू लागतात.

आकड्यांत सांगायचे तर २४ मिमीला आडव्या चौकटीत सुमारे ७४ अंशांचा देखावा मावतो, ७० ला २९ अंशांचा, १२० ला १७ अंशांचा आणि २०० ला १० अंशांचा. ७० आणि १२० मधला फरक कागदावर बारा अंशांचाच दिसतो, पण डोंगराच्या बाबतीत तो चौकटीतला एक घटक आणि चौकटीचा विषय यांच्यातला फरक असतो.

मग २४-२०० का नको? ती वाईट लेन्स मुळीच नाही, आणि ज्याला लांबच्या प्रवासात एकच लेन्स न्यायची आहे त्याने ती जरूर पाहावी. मात्र लांबच्या टोकाला तिचे छिद्र एफ/६.३ पेक्षा मोठे उघडत नाही, म्हणजे एफ/४ च्या तुलनेत चाळीस टक्केच प्रकाश. ट्रायपॉडवर त्याने काही बिघडत नाही. परंतु घाटात वारा सुटलेला असतो, कारवीची पाने हलत असतात, ढगाने उजेड खाल्लेला असतो, तेव्हा शटरचा वेग दुपटीने वाढवता येणे हीच मोठी सोय ठरते. शिवाय तुम्हाला तीस इंची चित्र छापायचे आहे, आणि चौकटीच्या कोपऱ्यांत २४-१२० मला अधिक विश्वासाची वाटते.

कासबद्दल एक मुद्दा सांगतो, तो सहसा कोणी विचारात घेत नाही. २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर कासलाही जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि तिथे आखलेल्या वाटेवरूनच चालणे अपेक्षित आहे. सीतेची आसवे किंवा गेंद यांच्या ताटव्यात शिरून, गुडघे टेकून फोटो काढणे म्हणजे जे टिपायला गेलो तेच तुडवणे होय. वाटेवर उभे राहून फुलापर्यंत पोहोचणारी लेन्स हवी. २४-१२० ही १२० मिमीलाही ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करते, म्हणजे साधारण ९ सेंटिमीटर रुंदीची जागा पूर्ण चौकटभर येते. २४-७० एफ/४ ला हीच रुंदी १२ सेंटिमीटर असते, एफ/२.८ ला तर १६ सेंटिमीटरच्या आसपास. सीतेच्या आसवांचे फूल करंगळीच्या नखाएवढे असते, तेव्हा हा फरक लहान नाही.

रानजाई

घाटमाथा यांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, तरीही २४-७० एफ/४ च्या बाजूने मला लिहावेसे वाटते, कारण गेली चार वर्षे मी तीच वापरते आहे आणि ती बदलावी असे एकदाही वाटलेले नाही.

१३० ग्रॅमच्या फरकाचे मी भांडवल करणार नाही. तेवढे वजन पाण्याच्या बाटलीतून कमी-जास्त होतच असते. माझा मुद्दा पैशांचा आणि छपाईचा आहे. २०१८ मध्ये निकॉनचे झेड६ आणि झेड७ हे कॅमेरे आले तेव्हापासून ही लेन्स कॅमेऱ्यासोबत मोठ्या संख्येने विकली गेली. त्यामुळे चांगल्या अवस्थेतली जुनी प्रत सहज मिळते आणि बराच कमी खर्च येतो. उरलेल्या पैशांत एक भक्कम ट्रायपॉड घ्यावा. माझ्या अनुभवात हलक्या, लटपटणाऱ्या ट्रायपॉडने जितके फोटो बिघडतात तितके कोणत्याही लेन्सने बिघडत नाहीत.

आता ७० ते १२० ची उणीव. ७० मिमीला घेतलेला फोटो कापून १२० इतका जवळ आणला, तर २४ मेगापिक्सेलमधले ८ उरतात. ए४ आकाराच्या कागदावर दर इंचाला सुमारे ३०० ठिपके पडावेत इतके ते असतात, आणि एवढे पुरेसे आहे. पण त्याच तुकड्याचे ३० इंची चित्र केले तर ठिपके ११७ वर येतात आणि जवळून पाहिल्यास पाने व गवत विरघळल्यासारखी दिसतात. पूर्ण चौकट ३० इंचांवर छापली तर मात्र २०० ठिपके मिळतात, जे भिंतीवरच्या चित्राला चालतात. म्हणून करवंदजाळी यांनी स्वतःला विचारावे की भिंतीवर लावायची ती दोन-तीन चित्रे दूरच्या डोंगरथरांची असणार आहेत की पुढे कातळ, मध्ये दरी आणि मागे आकाश अशा विस्तृत देखाव्याची. पहिल्या प्रकारची असतील तर २४-१२० घ्यावी, हे मी मोकळेपणाने मान्य करते. माझी चित्रे दुसऱ्या प्रकारची आहेत.

विस्तृत देखाव्यासाठी २४ मिमीसुद्धा अनेकदा अपुरे पडते आणि तिथे फोटो जोडण्याची सवय कामी येते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर प्रत्येकाला हा अनुभव येतो. कड्याची ती आत वळलेली अर्धगोल खोबण एका चौकटीत घ्यायला गेले की एक बाजू सुटतेच, आणि अधिक मावावे म्हणून कडेला सरकण्याचा मोह होतो. तो मोह कृपया टाळावा. पावसाळ्यात तिथले दगड निसरडे असतात आणि दरीतून येणारा वारा अंदाज देत नाही. त्याऐवजी सुरक्षित जागी ट्रायपॉड लावून, कॅमेरा उभा धरून, ५० मिमीला पाच चौकटी घ्याव्यात आणि प्रत्येकीत आधीच्या चौकटीचा तिसरा हिस्सा पुन्हा येऊ द्यावा. यातून सुमारे १०० अंशांचा देखावा मिळतो आणि एका चौकटीपेक्षा कितीतरी अधिक बारकावा मिळतो. एक्स्पोजर (किती प्रकाश घ्यायचा), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) तिन्ही हाताने ठरवून कुलूपबंद करावेत, नाहीतर आकाशात पट्टे दिसतात.

एक सवय मात्र लावून घ्यावी लागेल. ही लेन्स आवरून ठेवलेली असते. फोटो घेण्याआधी रिंग फिरवून ती उघडावी लागते. सुरुवातीला एक-दोनदा याच कारणाने ढगांतून क्षणभर डोकावलेले ऊन माझ्या हातून निसटले. आता कॅमेरा बॅगेतून काढतानाच डावा हात आपोआप रिंगवर जातो.

खाडीकाठ

मी रत्नागिरीचा. लेन्सच्या निवडीबद्दल वर पुरेसे आले आहे, म्हणून मी दमट हवा आणि फिल्टर एवढ्यावरच लिहितो. या दोन गोष्टी लेन्स घेण्याआधी ठाऊक असत्या तर माझे नुकसान टळले असते.

तुम्ही ज्या चार लेन्स पाहत आहात त्या सगळ्या झूम करताना लांब होतात. लांब होताना आत हवा ओढली जाते आणि पावसाळ्यात त्या हवेबरोबर दमटपणाही जातो. सील असलेली लेन्स शिंतोडे अडवते, दमट हवा अडवत नाही. म्हणून पावसात काम झाल्यावर लेन्स लगेच आत ओढून मिटवू नये. आधी बाहेर आलेला नळीचा भाग कोरड्या सुती फडक्याने चारही बाजूंनी पुसावा, मगच ती मिटवावी. घरी आल्यावर ती ओल्या बॅगेत रात्रभर राहू देऊ नये. माझी एक जुनी लेन्स दोन पावसाळे कपाटात कातडी पिशवीत पडून राहिली, आणि मोबाइलचा टॉर्च मागून धरून पाहिले तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरलेले दिसले. दुरुस्तीला दिली, बुरशी निघाली, पण तिने काचेवरचा लेप खाल्लेला होता, आणि उन्हासमोर फोटो घेतला की आजही त्यात धुरकटपणा येतो. जुनी प्रत घेणाऱ्याने हा टॉर्चचा प्रयोग दुकानातच करावा, यात संकोच वाटू देऊ नये.

ड्राय कॅबिनेट, म्हणजे हवा कोरडी ठेवणारे कपाट, परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा मोठा डबा, सिलिका जेल आणि एक लहान आर्द्रतामापक एवढ्याने काम होते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावा. फार कोरडे करणेही बरे नाही. सिलिकाच्या दाण्यांचा रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा कोरडे करता येतात. वातानुकूलित गाडीतून उतरल्याबरोबर कॅमेरा बाहेर काढला तर गार काचेवर दव धरते. बॅग बंदच ठेवून अर्धा तास थांबावे, ते आपोआप टळते.

लेन्सच्या तोंडावर बसणाऱ्या फिल्टरच्या बाबतीत आकार आधीच पाहून घ्यावा. २४-२०० ला ६७ मिमी लागतो, २४-७० एफ/४ ला ७२, २४-१२० ला ७७ आणि एफ/२.८ च्या पहिल्या आवृत्तीला ८२. मी ७७ चा एकच चांगला पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, घेतला आहे आणि लहान तोंडाच्या लेन्सना जोडकडे लावून तोच वापरतो. पावसाळी जंगलात त्याचा उपयोग आकाशापेक्षा पानांसाठी जास्त होतो: ओल्या पानांवरची आणि खडकांवरची पांढरट चमक निघून गेली की मूळचा हिरवा व काळा रंग वर येतो. तो दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), आणि धबधब्यासाठी तेही सोयीचेच पडते, कारण शटर अर्ध्या सेकंदाच्या जवळ आणता येते. फक्त इंद्रधनुष्य दिसले की फिल्टर विचारपूर्वक फिरवावा. इंद्रधनुष्याचा प्रकाश ध्रुवित, म्हणजे मुख्यतः एकाच दिशेत कंपणारा, असतो, त्यामुळे एका स्थितीत ते ठळक होते आणि पाव फेरा पुढे नेला की जवळजवळ पुसले जाते. ताम्हिणीत माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांना आपल्या कॅमेऱ्यात इंद्रधनुष्य का येत नाही हे समजेना. त्यांचा फिल्टर फिरवून दिला आणि ते पडद्यावर उमटले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला अजून आठवतो. पूर्ण कमान मात्र २४ मिमीत मावत नाही. सूर्य क्षितिजालगत असला की तिची रुंदी ८४ अंश भरते, आणि त्यासाठी २० मिमी लेन्स किंवा रानजाई यांनी सांगितलेली जोडणी हवी.

काजवेपाऊस

एफ/२.८ ची बाजू कोणीच घेतलेली नाही, म्हणून लिहितो. माझ्याकडे ती लेन्स आहे आणि ती घेतल्याचे मला समाधान आहे; पण मी घरातले समारंभ, देवळातले कीर्तन आणि कमी उजेडातली माणसे टिपतो, आणि डोंगर त्यानंतर येतात. ज्याचे काम असे दोन्हीकडचे आहे त्याने ८०५ ग्रॅम आनंदाने उचलावेत.

करवंदजाळी यांनी रात्रीचा उल्लेख केलेला नाही, परंतु सह्याद्रीत फिरणारा माणूस कधीतरी मेअखेरीस भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे पाहायला जातोच, आणि तिथे एफ/४ तोकडे पडते, हे आधी सांगून ठेवतो. आकाशातले तारे रेघोट्या न होता ठिपकेच राहावेत यासाठी २४ मिमीला साधारण २० सेकंदांपर्यंतच शटर उघडे ठेवता येते. तेवढ्या वेळात एफ/२.८ दुप्पट प्रकाश गोळा करते. तरीही केवळ रात्रीसाठी एफ/२.८ झूम घेण्याचा सल्ला मी देणार नाही. २० मिमी एफ/१.८ ही स्थिर लेन्स एफ/४ च्या जवळजवळ पाचपट प्रकाश देते, आणि शिवाय वर म्हटलेले पूर्ण इंद्रधनुष्यही तिच्यात मावते. आज एफ/४ ची झूम घ्यावी आणि दोन वर्षांनी गरज भासली तर ही घ्यावी, हा क्रम मला अधिक पटतो.

काजव्यांकडे जाणार असाल तर कॅमेऱ्याचा पडदा आणि लाल दिवा झाकून ठेवा, विजेरी पेटवू नका. नर काजवे त्या लुकलुकीतूनच मादीला खुणावतात. आपल्या उजेडाने त्यांचा तो संवाद तुटतो.

करवंदजाळी

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे काल रात्री बसून मोजणी केली. जपून ठेवलेले सुमारे चारशे फोटो निघाले आणि दीडने गुणल्यावर जे चित्र समोर आले ते मला अनपेक्षित होते. मी स्वतःला वाइड अँगलचा माणूस समजत होतो. तिसरा हिस्सा फोटो खरोखरच २७ मिमीचे, म्हणजे जुन्या लेन्सच्या अगदी टोकाचे आहेत. तिथे मला अजून थोडे अधिक मावायला हवे होते, असा त्याचा अर्थ मी लावतो. पण साधारण तेवढेच फोटो ७५ ते १२० या पट्ट्यात आहेत, आणि भिंतीसाठी मनात असलेल्या तीन चित्रांपैकी दोन त्यांतली आहेत: एक तोरण्यावरून दिसणाऱ्या रांगांचे आणि दुसरे वरंध घाटात ढगांतून वर आलेल्या एकाच सोंडेचे. १५० च्या पुढचे फोटो हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि त्यांतलेही बहुतेक पक्ष्यांचे, फसलेले.

म्हणून २४-१२० घेण्याचे ठरवले आहे. जुना कॅमेरा विकावा लागणार नाही. तो आता धाकटी बहीण वापरेल. फक्त एक शंका उरते. लेन्सच्या एखाद्या प्रतीत दोष निघू शकतो, असे वाचनात आले. नवी लेन्स हातात आल्यावर ती नीट तपासावी कशी?

घाटमाथा

मोजणी केलीत, हे फार चांगले झाले.

दोष निघू शकतो, आणि तो पहिल्या आठवड्यातच शोधलेला बरा. मी एकदा उशीर केला. लेन्स घेतल्यावर तीन महिन्यांनी डाव्या बाजूची झाडे नेहमी पुसट येतात हे लक्षात आले, आणि तोपर्यंत दुकानाने बदलून देण्याची मुदत संपलेली होती. आतले एखादे भिंग किंचित तिरके बसले की असे होते.

तपासणीसाठी सोसायटीच्या गच्चीवरून दिसणारी, खिडक्यांच्या रांगा असलेली, निदान शंभर मीटर दूरची इमारत निवडा. सकाळी लवकर जा, कारण ऊन तापले की हवा लहरू लागते आणि दोष लेन्सचा की हवेचा ते कळत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, सेन्सरची थरथर-रोधक सोय बंद करा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. २४, ५०, ७० आणि १२० या प्रत्येक ठिकाणी मध्यभागी फोकस करून एफ/४, एफ/५.६ आणि एफ/८ असे तीन-तीन फोटो घ्या. संगणकावर पूर्ण आकारात चारही कोपरे शेजारी-शेजारी लावून पाहा. चारही कोपरे एफ/४ ला सारखेच थोडे मऊ असतील आणि एफ/८ ला सुधारत असतील, तर लेन्स ठीक आहे. एकच कोपरा किंवा एकच बाजू इतरांपेक्षा पुसट असेल आणि एफ/८ लाही तशीच राहत असेल, तर कॅमेरा आडवाच ठेवून, वरची बाजू खाली करून तेच फोटो पुन्हा घ्या. पुसटपणा इमारतीच्या दुसऱ्या बाजूला गेला तर दोष लेन्सचा. इमारतीच्या त्याच बाजूला राहिला तर तुमचा कॅमेरा भिंतीला समांतर नव्हता.

दुकानात लेन्स घेताना बदलून देण्याची मुदत किती दिवसांची आहे ते बिलावर लिहून घ्या आणि ती सुरू असतानाच हे सगळे उरका. फोटो काढून झाले की १२० मिमीचे चारही कोपरे इथे टाका. मी पाहून सांगतो.